चाकाखालचा नारळ

सागररावांना माझ्याशी लग्न करायचं होतं, यात खोटं नाही. पण त्याआधी त्यांना चाकं निवडायची होती. साखरपुडा दिवाळीनंतर झाला, लग्न वैशाखात धरलं, आणि मधले सगळे महिने या गृहस्थांनी एकाच प्रश्नावर घालवले: गाडीला कार्बन फायबरची चाकं घ्यावीत की अ‍ॅल्युमिनियमची. एवढा विचार त्यांनी मला पसंत करताना केला नव्हता. तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत होकार आला होता.

गाडी स्पोर्ट्स कार होती. लालभडक, दोन दारं, दोनच सीटा, आणि पोट जमिनीला टेकतंय की काय इतकी बुटकी. हैदराबादच्या कोणा हौशी माणसानं वापरून सोडलेली ही गाडी सागररावांनी अमरावतीत आणली. त्यांचा संत्र्याचा व्यापार. आंबिया बहाराचा हंगाम चांगला गेला की काहींच्या अंगात येतं, तसं यांच्या आलं. आता अमरावतीत अशी गाडी चालवायची कुठं? एका चौकातून दुसऱ्या चौकात जाईपर्यंत गतिरोधक, पाइपासाठी खोदून ठेवलेले चर, आणि उरल्या जागेत बसलेल्या गाई. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडं म्हणतात. अक्कलही नसते, हे म्हणायचं राहून गेलंय.

मी बाळापूरकडची. आमच्या शेतात वांगी, मिरची आणि शेवंती. बाबा, म्हणजे देवीदास, अजूनही पहाटे माल घेऊन अकोल्याच्या बाजारात उभे राहतात. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात संशोधन सहायक आहे. मिरचीची पानं आकसून गोळा होतात, त्या चुरडामुरडा रोगावर माझं काम चालतं, आणि ते मला मनापासून आवडतं. माझ्या आयुष्यात मी स्वतः कमावलेली तेवढीच एक गोष्ट आहे. म्हणून मला लग्नाआधी एवढंच ठाऊक करून घ्यायचं होतं की ती नोकरी राहणार की जाणार. अमरावतीला लागून असलेल्या बडनेऱ्याहून अकोल्याला अपडाऊन करणारी कितीतरी माणसं आहेत, रेल्वे पकडली की वेळेवर कामावर. अवघड त्यात काहीच नव्हतं. कोणीतरी फक्त हो म्हणायला हवं होतं.

बघण्याच्या दिवशी मी विषय काढला. सागररावांच्या आई, गोदाबाई, म्हणाल्या, "ते तुमचं तुमी ठरवा बाप्पा, मी कायले मधात पडू?" मला बाई बऱ्या वाटल्या. मग साखरपुड्यानंतर सागररावांना विचारलं.

"पाहू न," ते म्हणाले. "एवढं चाकाचं मार्गी लागू दे."

मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत.

त्यानंतर रोज दुपारी, आमच्या डबा खायच्या वेळेला, त्यांचा फोन येऊ लागला. जेवलीस का, काम कसं चाललंय, असलं काही नाही. "वर्षाली, मले सांग, कार्बन का अ‍ॅल्युमिनियम?" माझ्यासोबत काम करणारी रागिणी म्हणाली, "नशीबवान हायेस व. माह्या नवऱ्यानं भाजी कोणती आणू हे बी कधी विचारलं नाही. तुले तं चाकं विचारून राहिला." खरं सांगते, मलाही बरं वाटलं. आज चाकाचं विचारतो, उद्या घराचं विचारेल, परवा नोकरीचं. माणूस विचारणारा आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

मग मीही शहाण्यासारखी वाचायला बसले. अ‍ॅल्युमिनियमचं चाक म्हणजे आपल्याकडं सगळे ज्याला अलॉय म्हणतात ते. खड्ड्यात आपटलं तर बहुतेक वेळा वाकतं, आणि थोडंफार वाकलेलं सरळ करून पुन्हा चालवता येतं. कार्बनचं चाक धाग्याधाग्यांचं असतं, काळं, चकचकीत, हलकं, आणि किंमत ऐकून पाणी प्यावं लागेल असं. वजन ते भरपूर पेलतं. पण आडवातिडवा दणका बसला की वाकत नाही, तडकतं, आणि तडकलं की गावात तरी त्याला वैद्य नाही.

"कार्बननं एका एका चाकामागं तीन-चार किलो वाचते," सागरराव सांगायचे. "गाडी अशी उडते!"

"तीन-चार किलो म्हंजे आमच्याकडची पाव्हण्यांची भाजी," मी म्हटलं. "तुमीच जरासं पोट कमी करा न. फुकटात उडन."

त्यावर ते हसले नाहीत. चाकावर विनोद त्यांना चालत नसे.

एकदा त्यांनी मला अमरावतीला बोलावलं, बडनेरा रोडवरच्या एका दुकानात. दोन्ही चाकं काचेच्या टेबलावर मांडली होती. दुकानदारानं आम्हाला थंड पाजलं आणि कार्बनच्या चाकावरून फडकं फिरवत म्हणाला, "साहेब, अमरावतीत कोणाकडंच नाही." झालं! तेवढं ऐकलं आणि सागररावांचे डोळे लकाकले. गाडीला काय हवं हे बाजूलाच राहिलं, शेजाऱ्याकडं काय नाही हे कळलं.

"तू सांग," तरी ते मला म्हणाले.

"अ‍ॅल्युमिनियम घ्या," मी म्हटलं. "गाडीवर जे हायेत तेच राहू द्या. आपले रस्ते पाहा. इथं वाकणारं पायजे, तडकणारं नाही."

त्यांनी मान हलवली आणि कार्बनची चाकं सांगून टाकली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मंग मले विचारलं काहून?"

"विचारलं म्हणून आयकाच लागते काय?" ते म्हणाले. अगदी सरळ, निर्मळ तोंडानं म्हणाले. तिथंच मी नोकरीचं पुन्हा काढलं. "आता तं चाकाचं झालं न? मंग माह्या कामाचं काय?"

"एक टेन्शन आत्ता गेलं, तू दुसरं कायले डोक्यावर ठेवतं? लगीन होऊ दे."

मला राग आला. आला आणि मी तो गिळला, कारण पत्रिका छापून वाटूनही झाल्या होत्या. लग्नानंतर येईल ताळ्यावर, असं आपल्याकडं प्रत्येक पोरीला कोणी ना कोणी सांगतं. मला सांगायला कोणी आलं नाही, म्हणून मीच मला सांगितलं.

लग्न बाळापूरबाहेरच्या लॉनवर लागलं. जेवणं झाली, वऱ्हाडाची बस गोदाबाईंना घेऊन पुढं गेली, म्हणजे घरी जाऊन स्वागताची तयारी होईल. नवरा-नवरीनं लाल गाडीतून यायचं ठरलं होतं. नवरीसोबत पाठराखीण जाते, माझ्यासोबत बेबीताई जाणार होती, माझी अकोल्याची मावशी. पण दोन सीटांच्या गाडीत पाठराखीण बसवायची कुठं? तेव्हा मावशीनं गजाननमामांच्या पिकअपमधून यायचं, मागं आंदणाचं कपाट, गादी, भांडी, आणि पुढं मामा आणि ती.

मी गाडीत बसले, म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसले. मिरची निंदायला बसतात तशी, फक्त अंगावर शालू. तेवढ्यात आई नारळ घेऊन आली. आमच्याकडं लेक निघाली की तिच्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली नारळ ठेवतात. गाडी पुढं सरकते, नारळ फुटतो, आणि मग लेकीनं मागं वळून बघायचं नाही. आत्याचा बैलगाडीखाली फुटला होता, ताईचा जीपखाली. आईनं हळदकुंकू वाहून नारळ चाकापुढं ठेवला आणि सागरराव असे ओरडले की वाजंत्री थांबली.

"काढा! आई, काढा तो नारळ पयले!"

"काहून जावईबापू?" आई दचकलीच.

"अवो, कार्बनचं चाक हाय. टायरची जाडी पाहा, बोटाएवढी. नारळावर चढलं तं सरळ रिमले मार बसते."

आईला कार्बन काय कळणार? ती शांतपणे म्हणाली, "नारळ फुटल्याबिगर आमची पोरगी निघत नसते."

"मंग हातानं फोडा न."

"हातानं देवापुढं फोडतेत, बापा. लेकीचा चाकाखालीच फुटते."

सागररावांनी डोकं खाजवलं. "लिंबू ठेवा. लिंबू चालते मले."

भाजीबाजारात घासाघीस करावी तसा माणूस माझ्या पाठवणीची घासाघीस करत होता. पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाबांची मान खाली गेली, ते मला बघवेना. शेवटी गजाननमामा चिडून म्हणाले, "ठेवा माह्या पिकअपखाली! दहा ठेवा! पण नवरी माह्या गाडीत बसन, हे आधीच सांगतो. नारळ ज्या गाडीखाली फुटला ते गाडी उंबऱ्यापर्यंत बदलत नसते."

मामांना वाटलं, आता तरी जावई शरमेल. जावयाचा चेहरा उजळला.

"हे बेस्ट!" सागरराव म्हणाले. "वर्षाली, उतर न. पिकअपमधी बस. मी पुढं चालतो."

मी उतरले. त्या बुटक्या गाडीतून शालू सावरत उतरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते खाली वाकून चाकाला हळद लागली का ते बघत होते. मला रडू फुटलं. माहेर सुटतंय म्हणून रडते आहे असं सगळ्यांना वाटलं, ते बरंच झालं. अपमानानं रडणारी नवरी कोणाला बघवली नसती. मामा आणि मावशीच्या मध्ये मी दाटीवाटीनं बसले, नारळ फाडकन फुटला, आणि मी मागं बघितलं नाही.

अकोल्याहून अमरावतीचा रस्ता आता असा झाला आहे की पोटातलं पाणी हलत नाही. लाल गाडी आमच्या पुढून केव्हाच दिसेनाशी झाली होती. मूर्तिजापूर मागं पडलं आणि एका ढाब्यापुढं ती गाडी दिसली, एका बाजूला कलंडलेली, भोवती पाचपंचवीस माणसं.

झालं होतं असं की चाकं ठीक आहेत ना हे बघायला म्हणून सागरराव ढाब्याकडं वळले. डांबर संपून मुरूम लागतो तिथं खोल कड होती. गाडी धाडकन उतरली आणि पुढचं डावं चाक तडकलं. चाक बघायला थांबायचं म्हणून वळले आणि वळतानाच चाक गेलं. नारळाला घाबरणारा माणूस मुरमात फुटला. मला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं नाही.

ढाब्यावरच्या माणसांनी जॅक लावून चाक काढून दिलं होतं. सागररावांनी तोवर सगळं ठरवलंही होतं. आधीची अ‍ॅल्युमिनियमची चाकं अमरावतीला घरी पडून होती. मामांनी आम्हाला घरी सोडावं, तिथलं एक चाक घेऊन परत यावं. ते स्वतः गाडीजवळ थांबणार, कारण उरलेली तीन चाकं कोणी काढून नेली तर? आणि हे तडकलेलं चाक आमच्यासोबत घरी जाणार.

"टाका मागं, गादीवर," मामा म्हणाले.

"मागं नको. मागं हादरे बसतेत, तडा वाढन. दुरुस्त होते का म्हणून मुंबईले पाठवाचं हाय. पुढं सीटवर ठेवू."

"पुढं ह्या दोघी हायेत न."

सागररावांनी आमच्याकडं पाहिलं. दुपारी लग्न लागल्यापासून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. "वर्षाली, तू आन् मावशी मागं बसा न. गादी तं हायेच. राह्यला किती रस्ता?"

"अरे बाप्पा, नवरी हाय ते!" मावशी ओरडली.

"हो न मावशी. पण नवरी काही तडकून नाही राह्यली."

मामा दार उघडून उतरायला निघाले, त्यांच्या हाताला मी धरलं नसतं तर त्या दिवशी दुसरंही काही तडकलं असतं. मी मावशीला घेऊन उतरले आणि मागं चढले. भांडायचं मनात आलं होतं. पण भांडायला समोर माणूस लागतो, आणि तो तर खांद्यावरचा लग्नाचा शेला काढून चाकाला गुंडाळत होता. त्यांनी चाक सीटवर उभं केलं, पट्टा लावला, ओढून बघितला. "मामा, हळू घ्या हां," म्हणाले.

मी कपाटाला टेकून गादीवर बसले. मुंडावळ्या वाऱ्यानं तोंडावर येत होत्या. मोटारसायकलवरचे लोक माना वळवून बघत होते, भांड्याकुंड्यांबरोबर नवरी कुठं निघाली म्हणून. केबिनच्या मागच्या काचेतून माझी जागा दिसत होती आणि तिथं शेला पांघरून चाक बसलेलं होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की नोकरीचं मी उगाच विचारत बसले होते. उत्तर मिळालं नाही असं मला वाटत होतं, आणि ते तर मला रोज दुपारी फोनवर मिळत होतं. या घरात माझं काम कुठं बसेल हे विचारण्यात काय अर्थ, जिथं मीच बसत नव्हते? मला स्वतःचीच कीव आली, आणि मग कीव जाऊन संताप आला. संताप बरा असतो, त्यानं माणूस उठून उभा राहतो.

"मावशी, तुले उतरता येईन काय?"

मावशीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिला जास्त सांगावं लागलं नाही. "अकोल्याले जायाचं असन तं उडी मारतो मी," ती म्हणाली.

मी केबिनच्या टपावर थाप मारली. मामांनी गाडी कडेला घेतली.

"मामा, मी चालली परत. मावशीच्या घरी."

"आन् हे?" त्यांनी सीटवरच्या चाकाकडं बोट केलं.

"त्याले पोचवा. जपून न्या. त्यायचं लगीन त्याच्याशीच लागलं हाय."

मामांनी गाडी बंद केली. "तुह्या मायले काय सांगू?"

"तिले मी सांगतो. तुमी फक्त कपाट-गादी वापस आणा."

रस्ता ओलांडून आम्ही अकोल्याकडं जाणाऱ्या एसटीला हात केला. कंडक्टरनं शालू पाहिला, मुंडावळ्या पाहिल्या, आणि काही न विचारता दोन अर्धी तिकिटं फाडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, नवरी असली तरी अर्धंच. बसमध्ये मावशीनं माझ्या मुंडावळ्या सोडल्या आणि पिशवीत टाकल्या. मग तिनं खिडकीशी मला बसवलं आणि अकोला येईपर्यंत माझा हात धरून ठेवला.

पुढचं मामांनी अ‍ॅल्युमिनियमचं चाक घेऊन ढाब्याकडं परतताना फोनवर सांगितलं. अमरावतीच्या घरापुढं रांगोळी होती, बायका दाटीनं उभ्या होत्या, उंबऱ्यावर माप भरून ठेवलेलं. पिकअप थांबली तशा गोदाबाई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन डाव्या दाराशी आल्या. मागून बायका म्हणत होत्या, नवरी लाजून राह्यली वाटते. गोदाबाईंनी दार उघडलं, शेला बाजूला केला, आणि हातातला तांब्या तसाच राहिला.

"हे काय व माय?"

"तुमच्या पोरानं मानानं पुढं बसवून देल्लं, ते आणलं," मामा म्हणाले. "घ्या उतरवून."

"आन् पोरगी?"

"तिले जागा नव्हती."

मामा म्हणाले, गोदाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि पायरीवर बसल्या. कोणाला वाईट वाटलं असेल तर त्या बाईला वाटलं असेल. पण मधात न पडणाऱ्या माणसाला शेवटी पायरीवरच बसावं लागतं.

मी मावशीकडं शालू सोडून तिचं धुवट लुगडं नेसून बसले होते, तेव्हा सागररावांचा फोन आला. मागं ढाब्यावरच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"वर्षाली, आईचा फोन आल्ता. तू अकोल्याले गेली म्हणते."

"हो."

आता विचारतील, असं मला वाटलं. काहून गेली, एवढेच दोन शब्द. मी त्यांना शिव्या घालायला बसले होते, तरी ते दोन शब्द आले असते तर मी उत्तर दिलं असतं. कदाचित रडलेही असते. मावशी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"मंग मामा ते अ‍ॅल्युमिनियमचं चाक घेऊन येऊन राह्यले न?" ते म्हणाले. "का ते बी नाही?"

"येतेत," मी म्हटलं. "अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या म्हणून मी पयलेच सांगितलं होतं."

मी फोन ठेवला आणि मावशीला सांगितलं की सोमवारी मला कामावर जायचं आहे, तुझ्या कपाटातली एक बरी साडी काढ.